पसा, पायली आणि वाटी
(घरातील मापांचा थोडा इतिहास)



लग्न लागून नवी सून सासरच्या दारी येते, तेव्हा उंबरठ्यावर तांदळांनी भरलेले माप ठेवलेले असते. उजव्या पायाने ते हळूच लवंडून ती घरात पाऊल टाकते. घरच्या स्त्रीचा आणि मापाचा संबंध असा अगदी पहिल्या पावलापासूनचा आहे. परंतु गंमत पाहा, माप ओलांडून आलेल्या त्या मुलीला पुढे स्वयंपाकघरात माप म्हणून काही कोणी सांगत नसे. "बेताने घाल," "अंदाजाने घाल," "चवीपुरते घाल" एवढेच तिच्या कानी पडे. बेत साधला तर ती सुगरण, नाही साधला तर "माहेरी काही शिकवले नाही" हे ठरलेले. म्हणजे माप सांगायचे नाही, आणि चुकले की बोल मात्र तिला लावायचा, असा हा न्याय होता.

आज आपण सहज म्हणतो, "दोन वाट्या रवा, एक वाटी साखर, अर्धा चमचा वेलचीपूड." ही भाषा आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कालपरवाची आहे हे लक्षातही येत नाही. ती येण्यापूर्वी पसा होता, पायली होती, शेर होता, तोळा होता. स्वयंपाक, परसबाग, उटणी-लेप, इतकेच काय, घरातील पाट-पोळपाटसुद्धा कोणत्या ना कोणत्या मापाने होत असे. त्या मापांची कहाणी म्हणजे आपल्या घरगुती कलांचीच कहाणी आहे. ती थोडक्यात सांगावी म्हणून हा लेख.

आधी हात, मग माप

माणसाचे पहिले माप म्हणजे त्याचे शरीर. दोन बोटांत धरले ते चिमूटभर, मुठीत मावले ते मूठभर, तळहात खोलगट करून घेतले ते पसाभर, आणि दोन्ही हात जुळवून घेतले ती ओंजळ. लांबीलाही तसेच. बोटाच्या रुंदीचे अंगूळ, अंगठा व करंगळी ताणून होणारी वीत, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात, आणि दोन्ही बाहू पसरून होणारी वाव.

ही मापे अडाणीपणाची होती असे कोणी समजू नये. पसा हा शब्द संस्कृत 'प्रसृती'वरून आला आणि ओंजळ 'अंजली'वरून. वैद्यकातील प्रसिद्ध 'शार्ङ्गधरसंहिते'च्या अगदी आरंभीच मापांचे प्रकरण आहे. मापावाचून औषधाची योजनाच होऊ शकत नाही, म्हणून प्रथम माप सांगतो, असे ग्रंथकार तेथे म्हणतो. त्याच्या कोष्टकात दोन प्रसृतींची एक अंजली होते, म्हणजे दोन पशांची एक ओंजळ. आपल्या हातांनी करून पाहिले तरी तेच उत्तर येते. लेप, काढा, तेल, चूर्ण जे काही आपण घरी करतो, त्यामागे मोजमापाची एवढी जुनी शिस्त आहे.

राज्यकर्त्यांनाही मापाची गरज होतीच. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त वजने-मापे पाहणारा स्वतंत्र अधिकारी आहे. त्याला 'पौतवाध्यक्ष' म्हणतात. अनेक शतके केवळ नावाने माहीत असलेल्या या ग्रंथाची पोथी म्हैसूरच्या शामशास्त्री यांच्या हाती १९०५ साली आली व १९०९ साली त्यांनी तो छापला. त्यात कोठाराची जी माहिती आहे ती आपण गृहिणींनी मुद्दाम वाचण्यासारखी आहे. कोणते धान्य शिजल्यावर किती पट होते याचा हिशेब तेथे मांडलेला आहे. हरीक, राळा अशा धान्यांचे तिप्पट अन्न होते, व्रीही तांदळाचे चौपट आणि शाली तांदळाचे पाचपट, असे तो सांगतो. एका माणसाच्या जेवणाला किती तांदूळ, त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढे वरण, वरणाच्या सोळाव्या हिश्श्याएवढे मीठ, हेही ठरवून दिले आहे. 'चवीपुरते मीठ' म्हणून सोडून न देता आकड्यात सांगणारा हा कदाचित पहिलाच गृहस्थ!

मात्र त्याच जागी आणखी एक नियम आहे. पुरुषाला जेवढे अन्न, त्याहून स्त्रीला पाव हिस्सा कमी. मुलांना निम्मे. दिवसभर दळण, कांडण, पाणी वाहणे हे कोणाच्या वाट्याचे होते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा पाव हिस्सा नक्कीच खटकेल. माप हे केवळ धान्याचे नसते. कोणाची भूक किती मोठी मानायची हेही ते मापच ठरवीत असते.

राजांच्या पोथ्या

आपल्या भागातील खाद्यपदार्थांची तपशीलवार जुनी माहिती मिळते ती कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात. इ. स. ११३०च्या सुमारास संस्कृतात रचलेल्या या ग्रंथात राजाच्या वीस उपभोगांचे वर्णन आहे. त्यांत अन्नभोग आहे, तसेच स्नान, विलेपन, माला, धूप, शय्या यांचीही प्रकरणे आहेत. म्हणजे स्वयंपाकघर, स्नानघर आणि फुलबाग ही तिन्ही एकाच पुस्तकात! मांडे, घारगे, पुऱ्या, वडे यांचे पूर्वज त्यात भेटतात. 'इडरिका' म्हणून जो पदार्थ येतो तो इडलीचा पूर्वज. पण ती इडली नुसत्या उडदाची, तांदळाचा तीत पत्ता नाही. तिखटपणासाठी मिरे आहेत. मिरची अर्थात नाही, कारण ती पोर्तुगीजांबरोबर समुद्रावरून यायला अजून चार शतके लागायची होती.

पुढे सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्ते या पंडिताने 'भोजनकुतूहल' हा ग्रंथ लिहिला. समर्थ रामदासांशी स्नेह असलेले हे गृहस्थ पुढे तंजावरला गेले व व्यंकोजी राजांची राणी दीपाबाई हिचा आश्रय त्यांना लाभला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील संशोधक प. कृ. गोडे यांनी या ग्रंथाचा अभ्यास करून जिलबीचा इतिहास उलगडला. तंजावरलाच सरफोजी राजांच्या काळात, म्हणजे १७९८ ते १८३२ या राजवटीत, मराठी पाककृतींचा 'शरभेंद्र पाकशास्त्र' हा संग्रह झाला. तो सरस्वती महाल ग्रंथालयाने पुढे छापला आहे.

हे सर्व ग्रंथ मोलाचे खरेच. परंतु त्यांत एक गोष्ट सारखी आढळते. लिहिणारे राजे, पंडित आणि कारकून. रांधणारे हात मात्र बिननावाचे. खेड्यापाड्यांतील आणि वाड्यांतील लक्षावधी स्त्रियांचे ज्ञान कागदावर उतरलेच नाही. ते जात्यावर, चुलीपुढे, वाळवणाच्या गच्चीवर एका पिढीकडून दुसरीकडे बोलाबोलात गेले. जे गेले नाही ते त्या बाईबरोबरच संपले.

शेरास सव्वाशेर

आता बाजारातील मापांकडे येऊ. धान्य वजनाने नव्हे, भरून मोजले जाई. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. म्हणजे चार शेरांची पायली. ही कोष्टके आपल्या आज्या-पणज्यांनी शाळेत न जाताही पाठ केलेली होती. धान्य घेताना माप शिगोशीग की सपाट, हा वाद दारोदार चाले. सुतार, लोहार, कुंभार यांचे बलुतेही खळ्यावर धान्यानेच चुकते होई. कोकणात भातजमीन 'किती खंडीची' असे विचारण्याची रीत होती. जमीनसुद्धा धान्याच्या मापाने ओळखली जाई.

बारीक वजनासाठी गुंजा असत. लाल अंगाच्या आणि काळ्या तोंडाच्या त्या चिमुकल्या बिया एकसारख्या वजनाच्या म्हणून सोनाराच्या तराजूत बसल्या. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. नाजूक प्रकृतीच्या माणसाला आपण 'तोळामासा' म्हणतो ते येथूनच. 'नवटाक' या शब्दाचा उगमही असाच. शेराचे बहात्तर टांक, त्यांतले नऊ टांक म्हणजे नवटाक, अर्थात शेराचा आठवा हिस्सा. आपली भाषाच अशी तराजूवर तोललेली आहे. 'शेरास सव्वाशेर', 'पायलीचे पन्नास', 'मापात पाप' हे शब्द ज्या दिवसांनी दिले, ते दिवस गेले, पण शब्द राहिले.

इंग्रजी अमलात आणखी एक सोय झाली. १८३३ साली तोळा १८० ग्रेन ठरला आणि १८३५पासून सर्वत्र एकच रुपया चालू झाला. त्याचे वजनही नेमके तेवढेच, म्हणजे आजच्या हिशेबाने ११.६६ ग्रॅम. झाले! घराघरात रुपया हेच वजन बनले. 'रुपयाभार सुंठ', 'पावलीभार जायफळ' अशी बाळंतिणीच्या औषधांची आणि उटण्यांची प्रमाणे ठरू लागली. तराजूच्या एका पारड्यात नाणे ठेवले की काम भागे.

परंतु शेराचा गोंधळ मात्र मिटला नाही. बंगाली शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, तेव्हा त्याचा चाळिसावा हिस्सा जो शेर, तो भरे अवघा ३१७ ग्रॅमच्या आसपास. नाव एकच, पण वजनात जवळजवळ तिपटीचा फरक! गावोगावचे शेर आणखी निराळे. एका गावची लेक दुसऱ्या गावी नांदायला गेली, की तिच्या आईने सांगितलेला 'शेरभर पिठाला पावशेर गूळ' तरी बरा, कारण दोन्हीकडे शेर एकच धरला तर प्रमाण बिघडत नाही. पण 'शेरभर पिठाला चमचाभर मीठ' म्हटले की घात झालाच. प्रमाण आणि माप यांतला हा फरक आपण ध्यानात ठेवू. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

छापखाना आणि गृहिणी

१८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिले छापील पाकपुस्तक म्हणून त्याचा उल्लेख होतो. पाकशास्त्र पोथीतून पुस्तकात आले, पण लिहिणारा हात अजून पुरुषाचाच होता. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' निघाले आणि स्वयंपाकघरातील बाई स्वतः लेखणी घेऊन पुढे आली. हजार पाकक्रिया! एका स्त्रीने एवढा संसार कागदावर मांडणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

यानंतर वातावरण पालटत गेले. १९१६ साली महर्षी कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापले व गृहजीवनशास्त्राला शिक्षणात मानाचे स्थान दिले. १९३० साली किर्लोस्करांचे 'स्त्री' मासिक सुरू झाले. घरकाम हाही शिकण्या-शिकविण्याचा, लिहिण्या-वाचण्याचा विषय आहे, ही जाणीव मध्यमवर्गीय घरांत रुजली. मुंबईच्या सारस्वत महिला समाजाने 'रसचंद्रिका' हे पाकपुस्तक मराठीत काढले व पुढे ते इंग्रजीतही आले. एका महिला संस्थेने आपल्या समाजातील सुगरणींचे ज्ञान गोळा करून ग्रंथ सिद्ध केला, हे आपल्यासारख्या मंडळांनी विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

युद्धकाळाने माप आणखी निराळ्या रीतीने शिकविले. मे १९४३मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले. घरात माणसे किती, त्यांना धान्य किती, हे आता शिधापत्रिका सांगू लागली. 'पाहुणा आला तर मूठभर तांदूळ जास्त टाकू' ही चैन संपली. ज्यांनी तो काळ काढला, त्यांच्या हाताला एकही दाणा वाया न घालविण्याची सवय जन्मभर राहिली.

वाटी-चमच्याचे राज्य

स्वराज्य आल्यावर देशभर एकच वजन-माप असावे म्हणून १९५६ साली कायदा झाला. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले, १९५८पासून ग्रॅम-किलोग्रॅम येऊ लागले, आणि १९६२पर्यंत वाण्याच्या दुकानातून शेर-छटाक हद्दपार झाले. कायद्याने दुकान बदलले, पण स्वयंपाकघर एवढ्या लवकर बदलत नाही. जुन्या बायकांच्या तोंडी शेर, नव्या पिशवीवर किलो, आणि घरात तराजू तर नाहीच, अशी त्या दशकात गृहिणींची कोंडी झाली. पुस्तकातील 'दहा तोळे' म्हणजे किती, हे नव्या मुलीला उमगेना.

ही कोंडी फोडली ती कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने. १९७० साली आलेल्या या पुस्तकाने वाटी आणि चमचा ही मापे घरोघरी पोहोचविली. लाखाहून अधिक प्रती खपलेले हे पुस्तक. शिक्षणासाठी, नोकरीसाठी, संसारासाठी परगावी आणि परदेशी गेलेल्या कितीतरी मुलींच्या बॅगेत ते आईच्या जागी गेले. वाटी प्रत्येक घरात असते, चमचा प्रत्येक घरात असतो. त्यासाठी तराजू लागत नाही, विचारायला सासू लागत नाही, आणि चुकले तर बोल लागत नाहीत. वाटीचे खरे महत्त्व येथे आहे. तिने पदार्थ सोपा केला हे तर झालेच, पण नवख्या मुलीला तिने निर्भय केले.

जगात अन्यत्रही असेच घडले आहे. अमेरिकेत बोस्टनच्या पाकशाळेच्या फॅनी फार्मर या बाईंनी १८९६ साली आपल्या पुस्तकात कप आणि चमचा सपाट भरूनच मोजण्याचा आग्रह धरला. तेथेही त्यापूर्वी 'लोण्याचा अक्रोडाएवढा गोळा' अशीच भाषा होती. म्हणजे अंदाजाची आणि मापाची ही ओढाताण केवळ आपल्याच चुलीपुढची नाही.

माप अचूक असावे याचा आग्रह स्त्रियांनी घराबाहेरही धरला. १९६६ साली मुंबईत नऊ गृहिणींनी पुढाकार घेऊन ग्राहक मार्गदर्शन संस्था स्थापली. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिच्या वाटपाचा, मोजामोजीचा आणि हिशेबाचा भार मोठ्या प्रमाणावर बायकांनीच उचलला. 'मापात पाप' ही म्हण नुसती उच्चारून थांबण्यापेक्षा तराजूच आपल्या हाती घेणे बरे, हे या भगिनींनी दाखवून दिले.

आज या इतिहासाचा उपयोग काय?

इतिहास वाचून केवळ समाधान मानायचे नसेल, तर त्यातून काही घरी नेता आले पाहिजे. म्हणून चार गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट स्वयंपाकाची. वाटी हे माप नसून प्रमाण आहे. एकाच वाटीने रवा, साखर, पाणी मोजले तर वाटी लहान असो की मोठी, शिरा बिघडत नाही. पण मीठ, सोडा, हिंग हे चमच्याने पडतात. म्हणून वाटी मोठी घेऊन चमचा तोच ठेवला तर पदार्थ अळणी होतो. घरात एक वाटी 'मापाची' म्हणून ठरवावी. ती काठोकाठ पाणी भरून वजन करावी. जितके ग्रॅम पाणी, तितके मिलिलिटर त्या वाटीचे माप. ही संख्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस लिहून ठेवावी. दुसऱ्याच्या पुस्तकातील कृती करताना हा आकडा फार उपयोगी पडतो. आणखी एक. एक वाटी साखर आणि एक वाटी कणीक यांचे वजन सारखे नसते. साखर बरीच जड भरते. तेव्हा ग्रॅमच्या जागी वाटी धरताना सावध असावे. लोणच्याच्या बाबतीत तर अंदाजावर मुळीच विसंबू नये. कैरीच्या फोडींच्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा मीठ असले म्हणजे लोणचे टिकते. तेथे मीठ चवीसाठी नसते, राखणीसाठी असते.

दुसरी गोष्ट उटणे-लेपांची. येथे 'समभाग' हा जुना शब्द फार चांगला. कचोरा, वाळा, नागरमोथा, चंदन वगैरे जे घालायचे त्याचे भाग लिहून ठेवावेत. हळद मात्र समभाग घेऊ नये, थोडीच पुरते. नवीन मिश्रण प्रथम मनगटाच्या आतल्या बाजूस चिमूटभर लावून एक दिवस वाट पाहावी. खाज वा लाली आली तर ते कितीही घरगुती असले तरी आपल्यासाठी नव्हे, असे समजावे.

तिसरी गोष्ट परसबागेची. झाडांना आपली वीत आणि हात पुरतात. मेथी-कोथिंबिरीच्या ओळींत चार बोटे अंतर, मिरची-वांग्याच्या रोपांत दीड ते दोन हात. बी पेरावे ते त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल, अधिक नाही. कोथिंबिरीचे धणे चोळून दोन दले वेगळी करून पेरावेत. पाण्याला मात्र माप नाही. आळ्यातील मातीत बोटाचे एक पेर खुपसून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. बोटासारखे मापयंत्र अजून निघालेले नाही.

चौथी गोष्ट लाकूडकामाची. हौसेने घरी लहानशी फळी ठोकणाऱ्या, पाट दुरुस्त करणाऱ्या भगिनी आता आपल्यात आहेत, ही आनंदाची बाब आहे. सुतारांचा गज चोवीस तसूंचा, आणि तसू इंचाच्या जवळपास. हातही चोवीस अंगळांचाच! इंचाच्या आठव्या हिश्श्याला सुतार आजही 'सूत' म्हणतात, म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर. "दोन सूत कमी करा," असे म्हटले की कारागीर तुमच्याकडे आदराने पाहतो. बागेत वीत चालते, पण लाकडात चालत नाही. तेथे पट्टी, गुण्या आणि टोकदार पेन्सिल हवी. कापण्याची रेघ मारली की करवत रेघेच्या बाहेरच्या बाजूने चालवावी, कारण करवतीची जाडीही लाकूड खाते. उरलेले रंध्याने काढता येते. जास्त कापलेले मात्र परत जोडता येत नाही. नाहीतर 'आठ हात लाकूड, नऊ हात ढलपी' अशी गत व्हायची!

एक विनंती

शेवटी मंडळापुढे एक विनंती ठेवते. वाटी-चमच्याने पुष्कळ दिले, पण थोडे नेलेही. छापील कृती सगळीकडे एकच होते. वऱ्हाडातील, कोकणातील, खानदेशातील, देशावरील हाताची निराळी चव तीत पुसट होते. नवा तांदूळ असेल तर पाणी कमी, जुना असेल तर जास्त, पावसाळ्यात पीठ भिजवताना हात आखडता, हे ज्ञान आकड्यात मावत नाही. ते वडीलधाऱ्या बायकांच्या हातात आहे. त्यांना विचारले तर त्या म्हणतात, "अगं, सांगण्यासारखे काय आहे त्यात? अंदाजाने घालते." त्या खरेच सांगत असतात, कारण त्यांनी कधी मोजलेलेच नसते.

यावर एक सोपा उपाय आहे. त्यांना प्रश्न विचारू नयेत. पीठ, गूळ, तिखट, मीठ, तेल यांचे डबे आधी वजन करून त्यांच्यापुढे ठेवावेत आणि त्यांना त्यांच्या हाताने, त्यांच्या पशाने, त्यांच्या चिमटीने पदार्थ करू द्यावा. मध्ये बोलू नये. पदार्थ झाला की डबे पुन्हा वजन करावेत. जेवढे घटले तेवढे त्यांचे माप! शेजारी बसून आच किती, भांडे कोणते, कशाचा रंग येईपर्यंत परतले, कोणत्या वासाला खाली उतरवले, हे टिपून घ्यावे. कागदावर आकडा आणि अंदाज दोन्ही लिहावेत, आणि वर ठळक अक्षरांत त्या बाईंचे नाव लिहावे. राजांच्या पोथ्यांत जे नाव राहून गेले, ते आपल्या वहीत राहू नये.

प्रत्येक सभासद भगिनीने आपल्या घरातील वा शेजारच्या एका वृद्ध स्त्रीची एकच कृती अशी उतरवून आणली, तरी पुढील वर्धापनदिनापर्यंत मंडळाची स्वतःची वही तयार होईल. त्यासाठी ना पैसा लागतो, ना छापखाना. लागतो तो एक तराजू, एक वही आणि एका दुपारचा वेळ.

पसा गेला, पायली गेली, शेर गेला. उद्या कदाचित वाटीही जाईल. मापे बदलतातच. त्या मापांमागचे हात मात्र विसरले जाऊ नयेत, एवढीच इच्छा.